अप्पारावांच्या नावाचा कृमी

रत्नागिरीहून निघालेले पाकट मासे शहरात पोचेपर्यंत खोक्यातल्या बर्फाचं पाणी झालेलं असायचं. पोट फाडलं की आतड्याला चिकटलेले पांढरे, फितीसारखे चपटे कृमी लिबलिबत बाहेर यायचे. संध्या ओकारी गिळून ते वेचायची. पीएच.डी.चं दुसरं वर्ष लागलं, तरी त्या वासाची सवय काही होत नव्हती.

तिचे मार्गदर्शक अभय सर. भिंगाखाली मान लांब की आखूड एवढं बघून त्यांनी अशा कृमींच्या डझनभर नव्या जाती जाहीर केलेल्या. संध्याला सापडलेला आखूड मानेचा कृमीही त्यांनी नवाच ठरवला. "याला तुझ्या वडिलांचं नाव देऊ," म्हणाले.

कारखान्यातून निवृत्त झालेल्या अप्पारावांनी ही बातमी मुकुंदवाडीतल्या सगळ्या गल्लीला सांगितली.

"किड्याला नाव? शी!" शेजारच्या लीलाबाईनं तोंडाला पदर लावला.

"असू दे की. पुस्तकात राहतंय नाव!"

मग डीएनएचा निकाल आला. आखूड मानेचा आणि कधीचाच माहीत असलेला लांब मानेचा, दोन्ही कृमी एकच निघाले. संध्यानं ताजा मासा मागवला. त्यातले कृमी लांब मानेचे होते. अर्धा मासा तिनं तसाच सडू दिला. त्यातले मान आखडून गोळा झाले. सरांची जात म्हणजे निव्वळ सडका माल होता. मग बाकीच्या जातींचं काय, हा प्रश्न होताच.

तिनं सरांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लोटलं.

"डीएनए वगळ. चित्रं पुरेशी आहेत."

"पण सर, ही नवी जात नाहीच."

"वडिलांना काय सांगशील मग?" ते हसले.

त्या हसण्याची तिला जेवढी किळस आली, तेवढी कुठल्याच माशाची आली नव्हती. ती बाहेर पडली.

घरी अप्पारावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जरा झाकलं असतं तर काय बिघडत होतं?"

"बाबा, तुम्हीपण?"

"लई शानी झालीस." ते उठून बाहेर गेले.

संध्यानं मार्गदर्शक बदलला. वर्ष वाया गेलं. तिचा शोधनिबंध छापून आला. त्यात ती जात नव्हतीच, आणि सरांच्या जुन्या जातींपैकी चार जातीही रद्द ठरल्या. सर आता समोरून आले तर मान फिरवतात.

गल्लीत कुणी विचारलं, तर अप्पाराव सांगतात, "नाय राहिलं ते नाव. आमच्याच पोरीनं खोडलं."