बाईंचा बंद पडलेला फोन

मी एक जुना मोबाइल आहे. मित्रांनो, कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेले हात, पांढरा उजेड आणि मग खोक्यातला अंधार. माझं आयुष्य गेलं ते शिवणकाम करणाऱ्या एका बाईंकडे. गिऱ्हाइकांची मापं, कापडांचे फोटो, तगादे, सगळं माझ्या पोटात. सुरुवातीला त्या मला मऊ चिंधीने पुसत. पुढे मी खडूच्या भुकटीतच पडून राहू लागलो.

एके दिवशी मी बंद पडलो. चार्जिंगला लावूनही उठेना. नेमकं त्याच दिवशी बाईंच्या नणंदेचं ऑपरेशन होतं. पुढचं मी नंतर त्यांच्याच बोलण्यातून ऐकलं.

हॉस्पिटलमधून दीर धापा टाकत आले.

"वहिनी, तुमचा फोन लागत नाहीये. ताईला मागे कुठल्या औषधाने त्रास झाला होता? ते कळल्याशिवाय डॉक्टर तिला आत नेत नाहीत."

"त्या औषधाच्या पाकिटाचा फोटो ह्यातच आहे," बाई म्हणाल्या, "आणि हा उठत नाही."

दिरांनी कात्री उचलली. "झाकण उचकटतो. बॅटरी काढून घातली की होईल सुरू."

"कात्री खाली ठेवा, भाऊजी. टोक बॅटरीत घुसलं तर पेट घेईल."

बाईंनी मला टेबलावर उताणं ठेवून पाहिलं. पाठ सपाट होती, अंग गार होतं, वास नव्हता. त्यांनी वायर बदलली, प्लग बदलला. काही नाही. मग वायर काढून माझं चार्जिंगचं भोक दिव्याखाली धरलं. आत कापडाची कुसं गच्च बसली होती. कोरड्या लाकडी काडीने त्यांनी ती हलकेच उकरून काढली आणि मला पुन्हा चार्जिंगला लावलं.

पडदा काळाच.

"गेला हा," दीर म्हणाले.

"पार उतरलेली बॅटरी लगेच जागी होत नाही. बसा जरा."

दीर काही बसले नाहीत. दारापर्यंत जात नि परत येत राहिले. शेवटी पडद्यावर बॅटरीचं चिन्ह उमटलं. मी पुरता सुरू होताच बाईंनी फोटो शोधला, दिरांनी आपल्या फोनवरून औषधाचं नाव कळवलं. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये थांबलेल्या बाईंच्या नवऱ्याचा फोन माझ्यावरच आला.

"शुद्धीवर आली. भूक लागली म्हणतेय."

बाईंनी मशीनवर डोकं टेकलं.

त्यानंतर मी बरीच वर्षं राबलो. मग माझी पाठ फुगली. बाईंनी मला दाबलं नाही, टोचलं नाही, पुन्हा चार्जिंगलाही लावलं नाही. जुन्या बॅटऱ्या घेणाऱ्या दुकानात त्या मला सोडून आल्या. तिथूनच बोलतोय.

मित्रांनो, आमचं चार्जिंगचं तोंड स्वच्छ ठेवा, आम्हाला उन्हात टाकू नका. आणि पाठ फुगली, तर मात्र माया करू नका. बाईंनी केली नाही, म्हणून त्यांचं कापडांनी भरलेलं घर शाबूत आहे.