बारा भोकांची भिंत

घाटकोपरच्या पश्चिमेला, टेकडीच्या अंगावर वसलेल्या रामेश्वर चाळीत एक भांडण दर पावसाळ्यात न चुकता उगवायचं. ते भिंतीतून गळायचं म्हणा ना!

चाळीच्या दोन रांगा. खालच्या रांगेत गिरण्या बंद पडल्यावर परळ-लालबागहून आलेली कोकणातली मंडळी, वरच्या रांगेत जालना-बीडकडची बौद्ध कुटुंबं. मधे टेकडीला टेकू देणारी दगडी भिंत, दोन पुरुष उंच. बांधणाऱ्यानं तिच्यात ओळीनं बारा भोकं ठेवलेली. पावसाळा लागला की त्यांतून तांबूस पाणी ठिबकायचं आणि खालच्या अंगणात राड व्हायची. हे पाणी वरच्या लोकांच्या मोऱ्यांचं, असं खालच्या रांगेनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. कोणी तपासलं होतं? छे! दुसऱ्याची घाण म्हटलं की तपासायला कोण जातो?

या ठरवणाऱ्यांत पहिला नंबर गुणाजी परबाचा. गिरणीत असताना जॉबर होता, हाताखाली वीस माणसं. संपानंतर नोकरी गेली, आता विक्रोळीच्या एका कारखान्यात वॉचमन. पण चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी तोच आणि आवाज अजून जॉबरचाच. शिवाय या भांडणात त्याचं घरचं दुखणं होतं. मुलाच्या, जयवंताच्या लग्नाच्या वेळी त्यानं अंगणात एक जादा खोली काढली होती. तीन बाजू विटांच्या आणि चौथी बाजू ती दगडी भिंतच. सातवं भोक नेमकं सुनेच्या कॉटजवळ गळायचं.

एकोणनव्वद सालच्या मे महिन्यात वॉर्डात स्वच्छ वस्तीची स्पर्धा निघाली. गुणाजीनं सिमेंटचा माल कालवला आणि एकेक भोक बुजवून टाकलं. वर चुना मारला आणि त्यावर समुद्र, माड आणि होडी रंगवून घेतली. पहिलं बक्षीस मिळालं! पितळी ढाल गुणाजीच्या फळीवर चढली.

बक्षिसाच्या आनंदात मंडळाची बैठक भरली, तेव्हा वरच्या रांगेतला शिवदास साळवे मागून उठला. शिवदास सांताक्रूझच्या वेधशाळेत कामाला. पर्जन्यमापक बघायचा आणि पावसाचा आकडा साहेबाला द्यायचा, ही त्याची बारा वर्षांची नोकरी. बोलणं कमी, पण साहेब लोक बोलायचे ते कान देऊन ऐकायचा आणि न कळलेलं विचारायला लाजायचा नाही.

"गुणाजीराव, रागावू नका," तो म्हणाला, "पण ती भोकं उघडा. ते आमच्या मोऱ्यांचं पाणी नाही, टेकडीचं आहे. पाऊस मातीत मुरतो आणि भिंतीमागे साठतो. त्याला वाट नाही दिली तर भिंत ढकलून बाहेर येईल."

"वीस वर्षं उभी आहे भिंत!"

"वीस वर्षं भोकं उघडी होती. आणि आता पावसाचा भरवसाही राहिला नाही. वेधशाळेत सगळीकडे तीच चर्चा आहे. पृथ्वी तापतेय म्हणतात."

सगळे हसले. गुणाजी तर मांडीवर थाप मारून हसला. "अरे, मे महिना आहे, तापणारच! त्याला वेधशाळा कशाला पाहिजे?"

"मे महिन्याचं नाही सांगत." शिवदास हसला नाही. "तुमच्या गिरणीची चिमणी आठवते? तशा जगभर लाखो चिमण्या, शंभर-दीडशे वर्षं कोळसा जाळतायत. मोटारी, आगगाड्या वेगळ्याच. त्यातून एक वायू निघतो, तो दिसत नाही, पण हवेत राहतो. जमिनीची ऊब रात्री वर निघून जायची, ती हा वायू अडवून धरतो. अंगावर एक गोधडी होती, तिथं दोन पडल्या म्हणा. आता हवा जितकी गरम तितकी वाफ ती जास्त धरते. समुद्र गरम, वाफ जास्त. मग जेव्हा कोसळतो तेव्हा चार दिवसांचा पाऊस एका दिवसात कोसळायची भीती वाढते."

"म्हणजे यंदा बुडणार आपण?" कोणीतरी चेष्टेनं विचारलं.

"ते कोणी सांगू शकत नाही. अमुक एक पाऊस त्याच्यामुळेच आला, असंही कोणी शहाणा म्हणणार नाही. पण घरात पेटतं लाकूड असलं की माणूस पाण्याची बादली भरून ठेवतोच ना? तेवढंच म्हणतोय."

गुणाजीचं तोंड वाकडं झालं. "माका शिकवू नको, शिवदास. बरणीतलं पाणी मोजणाऱ्यानं खोली बांधणाऱ्याला अक्कल शिकवायची? भोकं उघडायची म्हणजे पुन्हा तुमच्या मोऱ्या आमच्या दारात! ते जमायचं नाही."

खरं सांगायचं तर हेच बोलणं एखाद्या बुशशर्टवाल्या इंजिनियरनं केलं असतं, तर गुणाजीनं त्याला खुर्ची दिली असती, चहा मागवला असता. बोलणारा वरच्या रांगेतला होता, म्हणून ते कानाआड झालं. आपण सगळे कधी ना कधी हेच करतो, वाचकहो. मनावर हात ठेवून सांगा.

बारापैकी एक भोक मात्र उघडं राहिलं होतं. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या सोनूबाईच्या दारासमोरचं. तिनं त्याच्यापुढे तुळशीचा डबा ठेवून ते लपवलं होतं. भांडी विसळायला फुकटचं पाणी मिळतं, ते का सोडायचं, एवढाच तिचा हिशोब.

जुलैच्या मध्यावर गुणाजीला नात झाली. सून नलिनी, तिला आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच. जादा खोलीत शेगडी पेटली, धुरी झाली. गुणाजीचा पाय जमिनीवर ठरेना. बारसं बाराव्या दिवशी दणक्यात करायचं, असं त्यानं चाळभर सांगितलं.

आणि नववा दिवस उजाडला तसा पाऊस लागला, तो उसंतच घेईना. दहावा दिवस तसाच. अकराव्या दिवशी सकाळी, जयवंत कामावर गेल्यावर, गुणाजीची बायको जानकी म्हणाली, "अहो, पोरीच्या खोलीचं दार घासतंय. काल लागत होतं, आज लागत नाही."

"पावसानं लाकूड फुगलंय. रंधा मारतो नंतर."

"आणि भिंतीवरची होडी वाकडी दिसते मला."

"तुझे डोळे वाकडे!" गुणाजी म्हणाला. पण त्यानं होडीकडे पाहिलं, आणि लगेच नजर दुसरीकडे वळवली.

दहाच्या सुमाराला रात्रपाळी करून शिवदास परतला. गुडघाभर पाण्यातून चालत आलेला, ओलाचिंब. घरी न जाता तो सरळ खालच्या अंगणात शिरला. सोनूबाईच्या डब्याआडच्या भोकातून पाणी नळासारखं उडत होतं, लाल मातीचं. त्यानं भिंतीवरून हात फिरवला. मधोमध, जिथं माड रंगवले होते, तिथं भिंतीला पोट आलं होतं.

"गुणाजीराव!" तो ओरडला. "काल सकाळपासून आज सकाळपर्यंत तीनशे मिलिमीटर झालाय आणि वर ढग अजून तसेच आहेत. सगळी घरं खाली करा, आत्ताच्या आत्ता! आमचा बुद्धविहार कातळावर आहे, तिथं चला सगळे. माणसं निघाली की कडेची भोकं उघडू."

"विहारात? बाळंतीण घेऊन, या पावसात? उद्या बारसं आहे माझ्या घरी!" गुणाजी दारात आडवा उभा राहिला. भीती त्यालाही वाटत होती, पण कबूल कसं करणार? मग ती रागातून बाहेर पडली. "आधी वरच्या मोऱ्या बंद करा तुम्ही! बारा घरांचं पाणी सोडता आणि आम्हाला घराबाहेर काढता?"

वर जिन्याच्या तोंडाशी शिवदासची बायको द्रौपदी उभी होती. तिनं हे ऐकलं आणि तिच्या कपाळाची शीर उठली. किती वर्षं ऐकत आली होती बिचारी! ती आत गेली आणि कपड्यांच्या निळीचा अख्खा पुडा बादलीत कालवून बाहेर आली.

"बघा हो गुणाजीभाऊ! डोळे उघडे ठेवून बघा!" म्हणत तिनं बादली आपल्या मोरीत उपडी केली.

सगळी खालची रांग बघत राहिली. जिन्याच्या कडेच्या गटारातून निळंशार पाणी धावत आलं, अंगणाला वळसा घालून सरळ रस्त्याच्या नाल्याला मिळालं. सोनूबाईच्या भोकातून मात्र लालच पाणी उडत होतं. वाट पाहिली, तरी निळेपणाचा थेंब नाही.

"मेल्या गुणाजी," सोनूबाई हळूच म्हणाली, "पाणी डोंगराचा रे. आणि आपण इतकी वर्सा त्यांका शिव्या घातलव."

तेवढ्यात जादा खोलीतून नलिनीची हाक आली, "मामंजी! दार उघडत नाही! भिंतीतून माती येतेय!"

अरे देवा! गुणाजी धावला. खांदा दिला, दार हलेना. भिंतीनं चौकटच दाबून धरली होती. आतून बाळाचं रडणं ऐकू येत होतं. ज्या हातानं सातवं भोक बुजवलं त्याच हातानं तो आता दार बडवत होता. "शिवदास! बाबा, धाव!"

शिवदासनं पहार आणली. "दाराला हात लावू नका, चौकट बसेल. बाजूची वीट काढू." दोघांनी मिळून विटांच्या भिंतीला भगदाड पाडलं. आधी द्रौपदीनं बाळ घेतलं आणि पदराआड धरलं, मग नलिनी कशीबशी बाहेर आली. जानकीनं तिला घोंगडीत गुंडाळलं. "चल गो बाय, चल," एवढंच ती म्हणत होती.

अर्ध्या तासात खालची नऊच्या नऊ घरं रिकामी झाली, वरची रांगही विहारात गेली. मग शिवदास आणि गुणाजीनं दोन्ही टोकांची भोकं पहारीनं फोडायला घेतली. पहिल्याच भोकातून पाण्याचा असा लोट आला की गुणाजी पाठीवर पडला. उठला, पुन्हा भिडला. त्यानं मारलेलं सिमेंट पक्कं होतं, माणूस कामाला चोख! एकेका भोकाला रक्त आटवावं लागलं. सात भोकं मोकळी झाली. गुणाजी मधल्या पोटाकडे वळला तसा शिवदासनं त्याला दंडाला धरून मागे ओढला.

"ते नाही. तिथं वेळ गेली."

"अरे, माझं घर आहे तिथं!"

"घर पुन्हा बांधता येईल. चला!"

ते विहाराच्या पायरीवर पोचले आणि दहा मिनिटांत आवाज झाला. पोट आलेला भिंतीचा मधला तुकडा, माडासकट, होडीसकट, अंगणात कोसळला. गुणाजीची जादा खोली दिसेनाशी झाली, तिच्यासोबत मधली तीन घरंही. फळीवरची ढालही गेली. पण दोन्ही टोकांची भिंत उभी राहिली, आणि तिच्या आसऱ्यानं सहा घरंही उभी राहिली. एकाही माणसाला खरचटलं नाही.

विहारात चटया अंथरल्या होत्या. वरच्या रांगेतल्या बायकांनी खिचडी टाकली होती. नलिनी कोपऱ्यात कोरडं लुगडं नेसून बसली होती आणि बाळ झोपलं होतं. गुणाजी दारातच थांबला. इतक्या वर्षांत त्यानं या दाराच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. द्रौपदी म्हणाली, "या ना आत, भाऊ. भिजताय कशाला?"

आणि त्या जॉबरला रडू कोसळलं. चाळीसमोर, बायकोसमोर, ओक्साबोक्शी रडला. "माझ्या हातानं नातीला गाडत होतो," तो म्हणाला. "सांगणारा खरं सांगत होता. मी त्याचं घर बघितलं, सांगणं ऐकलंच नाही. मला माफ करा, शिवदासराव!"

शिवदासला कोणी 'राव' म्हणायची त्या चाळीतली ती पहिलीच वेळ. तो अवघडला. "भिंत मी पण एकटा वाचवू शकलो नसतो," तो म्हणाला. "आता एक करू. दर मे महिन्यात दोन्ही रांगांनी मिळून भोकं साफ करायची. पाऊस वाढला की कोणी कोणत्या वाटेनं निघायचं, म्हाताऱ्यांना कोण उचलणार, हे आधीच ठरवायचं. जग तापायचं थांबवणं एका चाळीच्या हातात नाही, त्याला सगळ्या जगानं शहाणं व्हायला पाहिजे. पण भोक मोकळं ठेवणं आपल्या हातात आहे."

बारसं दुसऱ्या दिवशी विहारातच झालं. पाळणा वरच्या रांगेतून आला, घुगऱ्या दोन्ही रांगांनी मिळून शिजवल्या. नाव ठेवलं मीरा.

नागरिकहो, निसर्ग तापतो, खवळतो, आणि त्यात आपलाही धूर आहे. त्याचा अभ्यास करणारी माणसं वेळेवर सांगतात. ती कधी मोठ्या खुर्चीत असतात, तर कधी आपल्याच चाळीच्या वरच्या रांगेत. सांगणारा कोण, हे बघत बसणाऱ्याला संकट थांबून वाट देत नाही. विज्ञानाचं ऐका, शेजाऱ्याचं ऐका, आणि तयारी पाऊस येण्याआधी करा!

पुढच्या मे महिन्यात भिंत नव्यानं उभी राहिली. पुन्हा बारा भोकं, आणि भिंतीला लागून कोणाचीच खोली नाही. गुणाजी लोखंडी सळई घेऊन एकेक भोक साफ करत होता. जिन्यावर त्यानं एक फळा टांगला होता आणि पावसाळाभर रोज सकाळी, शिवदास पाळीवरून परतला की, खडू हातात घेऊन तो खालूनच हाक मारायचा, "शिवदासराव, आज आकडा किती?"