कारदग्याचा फोटो

मुलांनो, डोळे मिटून कल्पना करा असं मी सांगणार नाही. डोळे मिटलेत तर पुढचं वाचणार कसं? उघड्या डोळ्यांनीच करा. समजा, निपाणीच्या बाजारात एक मोठा काळा फळा टांगलाय आणि त्यावर खडूनं काहीतरी लिहिलंय. तुमच्या घरातल्या खिडकीतून तो फळा दिसतो. चिकोडीच्या मुलाला त्याच्या खिडकीतून दिसतो, बेळगावच्या मुलीला तिच्या. फळा एक आणि खिडक्या हजार.

इंटरनेटवरचं पान असंच असतं. त्याला वेबपेज म्हणतात, आणि अशी पानं एकत्र बांधली की झाली वेबसाईट. फळा ज्या भिंतीला टांगलाय ती भिंत म्हणजे सर्व्हर, कुठंतरी लांब असलेला, कधी बंद न होणारा संगणक. तुमच्या फोनमधली खिडकी म्हणजे ब्राउझर. प्रत्येक पानाला स्वतःचा पत्ता असतो. तो पत्ता कुणाला पाठवला की ती लिंक. लिंकवर बोट ठेवायचं, खिडकी उघडते आणि फळ्यावर त्या घडीला जे लिहिलेलं असेल ते दिसतं.

एवढं कळलं असेल तर तुम्हाला राजश्रीची गोष्ट कळेल.

राजश्री सातवीत होती. निपाणीपासून थोड्या अंतरावर मळेवाडी नावाची वस्ती आहे, तिथं तिचं घर. वाडीत जैनांचं घर तेवढं एकच. त्या उन्हाळ्यात एक मुनीमहाराज त्या भागातून पायी चालले होते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिगंबर मुनी दिवसातून एकदाच जेवतात, तेही उभ्यानं, हाताच्या ओंजळीत. पाणीही त्याच वेळी पितात. ती वेळ चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. त्यांच्यासाठी लोक पहाटे उठून आंघोळ करून, विहिरीचं पाणी गाळून, उकळून, ताजं पीठ दळून स्वयंपाक मांडतात. त्याला चौका म्हणतात. महाराज गावातून फिरतात. लोक हातात कलश घेऊन दारात उभे राहतात आणि त्यांना बोलावतात. महाराज सकाळी मनात एक नेम धरतात, तो कुणाला सांगत नाहीत. नेम जिथं जुळेल तिथं थांबतात. कुठंच जुळला नाही तर उपवास.

म्हणून चौके जितके जास्त, तितकं बरं. आसपासच्या गावांतली माणसं भांडी टेम्पोत घालून मुक्कामाच्या गावी जातात आणि तिथं चौके मांडतात. पण उद्याचा मुक्काम कुठं, हे सगळ्यांना कळवायचं कसं? फोनवर फोन, निरोपावर निरोप चालायचे. राजश्री शाळेत वेबपेज करायला शिकली होती. तिनं घरी वडिलांच्या जुन्या फोनवर एक पान केलं. वर मोठ्या अक्षरांत मथळा, खाली तारीख, त्याखाली गावाचं नाव. मराठीत आणि कन्नडमध्ये. मुक्काम बदलला की ती ओळ बदलायची आणि बटण दाबायची. तिच्या फोनमधलं लिहिलेलं सर्व्हरवर चढायचं. त्या चढवण्याला अपलोड म्हणतात.

"माझी लेक नेटवर आहे," तिचे वडील गोमटेश आप्पा बाजारात सांगत सुटले. लोकांना वाटलं पोरगी जाळ्यात अडकलीय की काय.

त्या दिवशी संध्याकाळी पानावर लिहिलं होतं, 'उद्याचा आहार कारदगा.' म्हणजे महाराज उद्या कारदगा गावात जेवणार. राजश्रीनं लिंक मंगलआत्याला पाठवली. आत्या म्हणजे आप्पांची बहीण. सगळ्या गावांचा मिळून व्हॉट्सअ‍ॅपचा जो गट होता, त्यात लिहायचा हक्क एकट्या आत्याला. बाकीच्यांनी फक्त वाचायचं. पूर्वी लोक त्यात लग्नाच्या पत्रिका आणि सुप्रभात टाकायचे, म्हणून आत्यानं कुलूप घातलं होतं.

आत्यानं लिंक उघडली, पान पाहिलं आणि दोन बटणं दाबून त्याचा फोटो काढला. पडद्यावर दिसतंय त्याचा फोटो, म्हणजे स्क्रीनशॉट. तो तिनं गटात टाकला.

"आत्या, लिंक टाकायची की गं," राजश्री फोनवर म्हणाली.

"अगं, लिंक कोण दाबणार? म्हाताऱ्या माणसांस्नी भ्याव वाटतं, पैसे जातील म्हणून. फोटो कसा, बघितला की कळलं."

आत्याचंही खोटं नव्हतं. त्या भागातल्या कितीतरी घरांत अनोळखी लिंक दाबू नका असं बँकेनं, पोलिसांनी आणि नातवंडांनी बजावून ठेवलं होतं.

सकाळी उजाडताना टेम्पो निघाला. आई, आप्पा, आत्या, पितळेची भांडी, जातं, गाळायची कापडं. राजश्रीला बसायला जागाच उरली नाही. "तू घर बघ आणि ते तुझं पान बघ," आप्पा म्हणाले.

टेम्पो जाऊन बराच वेळ झाला आणि पद्मराज काकांचा फोन आला. काका महाराजांबरोबर चालत होते.

"राजा, कालवा फुटलाय गं. कारदग्याच्या वाटंवर पाणीच पाणी. महाराज पाण्यातनं चालत न्हाईत, त्यात जीव असत्यात. ते वळले. मळेवाडीकडं."

"आमच्याकडं?"

"व्हय. तुझ्या त्या पानावर घाल की लगेच."

राजश्रीनं घातलं. 'कारदगा' खोडून 'मळेवाडी' लिहिलं, दोन्ही भाषांत, आणि बटण दाबलं. मग खात्री करायला आईच्या फोनवर पान उघडलं. आई तो घरीच विसरली होती. तिथं अजून कारदगाच.

मग तिला वर्गात शिकलेलं आठवलं. ब्राउझर आळशी असतो. एकदा पाहिलेलं पान तो आपल्या खिशात ठेवतो आणि पुन्हा मागितलं की फळ्याकडं न बघता खिशातलंच काढून दाखवतो. त्या खिशाला कॅश म्हणतात. त्याला 'नव्यानं बघून ये' असं सांगावं लागतं, ते म्हणजे रिफ्रेश. तिनं रिफ्रेश केलं. गोल चाक फिरलं आणि मळेवाडी आलं.

ती हसली. पण तेवढ्यात आईच्याच फोनवर गटातला कालचा फोटो समोर आला. त्यावर कारदगा. तिनं त्यावर बोट ठेवलं, वर ओढलं, खाली ओढलं. फोटो मोठा झाला, लहान झाला. कारदगा कारदगाच राहिलं.

मुलांनो, फोटोला रिफ्रेश नसतं. त्याच्यामागं सर्व्हर नाही, पत्ता नाही. तो काढला त्या क्षणी फळ्यापासून तुटला.

आता गटात लिहायला हवं होतं. पण कुलूप. तिनं आत्याला फोन लावला. वाजत राहिला. आप्पांना लावला. वाजत राहिला. पुन्हा आत्याला. मग तिच्या ध्यानात आलं, की चौक्यातली माणसं सोवळ्यात असतात. आंघोळ करून धुतलेले कपडे घातले की बाहेरच्या कशाला शिवत नाहीत, फोनला तर नाहीच. सगळ्यांचे फोन टेम्पोच्या पुढच्या सीटवर पिशवीत पडलेले असणार, आणि पिशवी एकटीच वाजत असणार.

तिनं पद्मराज काकांना विचारलं, "महाराजांना सांगा ना, थोडं थांबा म्हणून. मी कुणालातरी कारदग्याला पाठवते."

"पोरी, असं सांगत न्हाईत त्यांस्नी. आमचं काम मागनं चालायचं."

"मग त्यांना कळलं का, इथं कुणीच नाही ते?"

"त्यांनी विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई." काकांचा आवाज बारीक झाला. "आता तुमच्या वाडीचं पाण्याचं टाकं दिसाय लागलंय."

शेजारचा भावकू मोटारसायकल घेऊन कारदग्याकडं गेला. जरा वेळानं गुडघ्यापर्यंत भिजून परत आला. "गाडी बंद पडली गं पाण्यात. लांबनं फिरून गेलो तर दुपार होईल."

राजश्रीनं फोन ठेवला. आंघोळ केली, धुतलेला परकर नेसली, विहिरीवर गेली. पाणी शेंदलं, दुहेरी कापडातून गाळलं, कापडावर राहिलेलं पुन्हा विहिरीत सोडलं, आई करते तसं. चुलीवर पाणी उकळायला ठेवलं. पीठ दळायला जातं नव्हतं, ते टेम्पोत होतं. डब्यातलं पीठ कालचं, ते चालत नाही. तिनं तांदूळ धुऊन भात टाकला. भात, गरम पाणी, दोन केळी. तिला माहीत होतं की चौका असा नसतो. आत एक माणूस, दारात दोन तरी माणसं, आणि स्वयंपाक करणारीला सगळं यायला हवं. ती एकटी होती आणि तिला भातसुद्धा नीट यायचा नाही.

ती कलश घेऊन दारात उभी राहिली.

महाराज आले. उजव्या हाताची बोटं जुळवून खांद्यावर टेकवलेली, नजर जमिनीवर. मागे काका. राजश्रीनं आईकडून ऐकलेले शब्द म्हटले, नमोस्तु नमोस्तु, थांबावं, थांबावं. महाराज दारासमोर आले. क्षणभर त्यांची पावलं मंद झाली. मग ते पुढं गेले.

वाडी लहान. टोकापर्यंत जायला किती वेळ लागणार? ते परत फिरले. राजश्री तशीच उभी होती, तिनं पुन्हा तेच शब्द म्हटले. ते पुन्हा पुढं गेले, शाळेच्या व्हरांड्यात जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

"काय चुकलं माझं?" तिनं काकांना विचारलं.

"काय न्हाई गं. आज त्यांच्या मनात काय नेम होता, कुणास ठाऊक. एकच दार होतं. दहा दारं असती तर एखादं जुळलं असतं." काकांनी घाम पुसला. ऊन चढलं होतं. "आता उद्याच."

दुपारी सोवळं सोडून फोन हातात घेतल्यावर महाराज मळेवाडीला गेल्याचं कळलं, आणि टेम्पो लांबच्या वाटेनं परत आला. भांडी तशीच भरलेली. कारदग्यात तीस-चाळीस माणसं सकाळपासून दारात उभी राहून राहून थकली होती. त्यातली निम्मी पाठोपाठ मळेवाडीला आली. महाराजांना आज उपवास घडला, हे अंगणात सगळ्यांना कळलं.

"हे नेटचं असंच," कुणीतरी म्हणालं. "भरवसा न्हाई."

"पानावर बरोबर होतं," राजश्री म्हणाली. "सकाळीच बदललं होतं."

"मग माझ्या फोनवर चुकीचं कसं?" आत्यानं फोन पुढं केला. फोटोवर कारदगा.

"आत्या, हे पान नव्हं. हा पानाचा फोटो हाय. कालचा."

आत्या फोटोकडं बघत राहिली. मग खाली बसली. "म्हणजे मी गं? माझ्यामुळं त्यांस्नी पाणीसुद्धा..."

"काढून टाक गटातनं तो फोटो," आप्पा म्हणाले.

आत्यानं गटातून काढला. राजश्रीला वाटलं, झालं. पण भावकूनं आपला फोन दाखवला. त्याच्या पाहुण्यानं तोच फोटो सदलग्याहून पाठवला होता. त्या पाहुण्याला कुणी दिला, कुणाला माहीत नाही. पान एका ठिकाणी होतं, ते तिनं बदललं होतं. फोटो मात्र किती फोनांत गेला होता, ते ना तिला कळत होतं ना आत्याला.

"लोक उद्यासुद्धा कारदग्याला जातील," ती हळू म्हणाली. "फोटोवर तारीख कोण वाचतंय?"

शाळेच्या व्हरांड्यात महाराज तसेच बसले होते, ओठ सुकलेले.

राजश्री उठली. अंगणात बसलेल्या पहिल्या माणसासमोर, निळं पातळ नेसलेल्या एका म्हातारीसमोर, जाऊन उभी राहिली.

"आज्जी, तुमचा फोन द्या. त्यातला कारदग्याचा फोटो पुसते, आणि लिंक घालून देते. दाबली तर पैसे जात न्हाईत, मी दाबून दाखवते."

म्हातारीनं कमरेची पिशवी सोडली आणि फोन दिला. राजश्रीनं फोटो शोधला, पुसला, लिंक घातली, दाबून दाखवली. फोन परत देऊन ती शेजारच्या माणसाकडं वळली आणि तिनं हात पुढं केला.