रविवारची राखण

राहीबाईला काळजी करायला कारण लागत नसे. उलट कारण सापडलं तर ती जराशी निवांत व्हायची. निदान कशाची काळजी करायची ते ठरायचं. दूध तापत ठेवलं की उतू जाईल, आणि उतू गेलं नाही तर नासलं असेल. नवरा राहुरीच्या बाजाराला गेला की त्याची येष्टी चुकली असेल, आणि वेळेवर आला तर काहीतरी विसरून आला असेल. प्रार्थना मात्र ती मनापासून करायची. डोळे मिटून, हात जोडून एकेक गाऱ्हाणं देवबापापुढं मांडायची आणि 'आमेन' म्हटलं की सगळी पुन्हा पदरात बांधून उठायची.

"देवाला नुसती दाखवून आनतीस जनू," तिचा नवरा भिमाजी म्हणायचा. "एखादं तरी ठिवून येत जा की तिथं."

एकाहत्तर सालच्या जानेवारीत मात्र तिच्या काळजीला भक्कम कारण होतं आणि त्याला पंख होते. तिचा दोन एकर जोंधळा हुरड्यावर आला होता. कणसात दूध भरून दाणा घट्ट व्हायला लागतो, नेमक्या त्याच दिवसांत भोरड्या येतात. साळुंकीएवढं पाखरू, डोकं आणि पंख काळे, पाठपोट गुलाबी. हिवाळा काढायला पार डोंगरांपलीकडच्या मुलखातून इथं येतं आणि एकटं कधीच येत नाही. थवा दोनशेचा की दोन हजारांचा हे मोजायला घ्यावं, तर तोवर तो एका अंगावर वळून जोंधळ्यात उतरलेला असतो. उजाडल्यापासून दहापर्यंत आणि पुन्हा चार वाजल्यापासून दिवस बुडेपर्यंत, या त्यांच्या जेवणाच्या वेळा. त्या वेळांना राहीबाई वावराच्या मधोमध, चार खांबांच्या माळ्यावर, गोफण घेऊन उभी.

बांधापलीकडच्या वावरात तसाच माळा होता आणि त्यावर तशीच छबूबाई. दोघींचं वय एक, आवाज एक आणि नेमही सारखाच वाईट. राहीबाईचा धोंडा सुटला की थवा उठायचा आणि छबूबाईच्या जोंधळ्यात बसायचा. छबूबाई "हाऽऽ हा" करून गोफण वाजवायची की तो परत राहीबाईकडं. तीस वर्षं त्या एकच थवा एकमेकींच्या वावरात फेकत होत्या, आणि ऊन चढलं की बांधावर बसून एकाच डबीतली मिश्री लावत भोरड्यांना शिव्या घालत होत्या.

अशात केडगावहून कार्ड आलं. राहीबाईची एकुलती एक लेक पुष्पावती तिथं दिलेली होती. तिच्या चार महिन्यांच्या मुलीचा, करुणाचा, बाप्तिस्मा माहेरच्या देवळात करायचं ठरलं होतं. येत्या रविवारी, सकाळी आठ वाजता.

"आट?" राहीबाई म्हणाली. "बाराला कराया काय हुतंय?"

भिमाजीनं कार्ड पुन्हा वाचलं. "पाळकसायबाला तीन गावं हायती. आटला हितं, अकराला म्होरल्या गावात, तीनला तिसऱ्या. सायकलीवर. त्यांनी काय उडत जायचं?"

"उडनारी बसलीत की माझ्या वावरात. मग राखन तुमी करा."

"आन् घंटा कोन वाजवील?"

घंटा म्हणजे देवळाबाहेर निंबाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजवायचा, जाजम अंथरायचं, बाप्तिस्म्याचं पाणी भरून ठेवायचं, ही सगळी भिमाजीची सेवा होती. जावयाला माळ्यावर चढवायची सोय नव्हती. तो बाळाचा बाप. भाऊबंद झाडून देवळात असणार. राहिली छबूबाई. ती बांधावर म्हणाली, "राहे, तू जा बिनघोर. माझं राखते तसं तुझंबी राखते."

राहीबाईनं मनात हिशोब मांडला. "तू तुझ्या वावरातली उठवनार, व्हय ना?"

"व्हय."

"मग ती बसनार कुठं?"

छबूबाईनं डोकं खाजवलं. "तुझ्या वावरात."

"आन् मी न्हाई म्हनल्यावर तिथंच बसनार. दहापातुर. बरी राखतीस गं माझं!"

हिशोब बिनचूक होता. राहीबाईच्या सगळ्या काळज्या अशाच बिनचूक असत. म्हणून तर त्यांच्यातून तिला बाहेर पडता येत नसे.

शनिवारी पुष्पावती आली. करुणाला आजीच्या मांडीवर दिलं, तरी आजीचं लक्ष दाराबाहेर, वावराच्या दिशेला.

"आई, उद्या येणार ना?"

"येते की. जरा ऊन चढलं की येते. तुमचं गानं बिनं व्हईस्तोवर..."

"पाणी आठाला लागणार. ऊन चढल्यावर नाही."

"पुष्पे, वर्साचा दाना हाय त्यो. तीन थवे उतारले तर कडबा र्‍हाईल नुस्ता."

 पुष्पावती बाळाचं टोपरं नीट करत म्हणाली, "माझ्या लग्नात शपथा झाल्या तेव्हा मी मागं वळून बघितलं. तू नव्हतीस. तू चुलवणापाशी वरण ढवळत होतीस."

"करपलं आसतं."

"करपू द्यायचं, आई."

 वरण करपलं नव्हतं आणि लोकांनी दोनदा मागून घेतलं होतं, हे राहीबाई सांगणार होती; पण लेकीचं तोंड बघून तिनं गिळलं.

रविवारी ती अंधारातच वावरात गेली. आठच्या आत जमेल तेवढं राखून घ्यावं, असा बेत. पहिला थवा उजाडताच आला, तो तिनं उठवला. दुसरा उठवला. मग गावातून रुळाचा टणटणाट ऐकू आला. पहिली घंटा, साडेसात. ती शिडीच्या दोन पायऱ्या उतरली आणि ओढ्याकडून तिसरा थवा आला. ती दोन पायऱ्या परत चढली. तो गेला. ती उतरली. चौथा आला.

शिडीच्या मधोमध ती थांबली. वर जावं तर पुष्पी मागं वळून बघणार. खाली जावं तर जोंधळा. इथंच लोंबकळत राहिलं तर दोन्ही जाणार, एवढं तिला स्वच्छ कळलं. तिनं कपाळ शिडीच्या बांबूला टेकवलं.

"देवबापा," ती म्हणाली, "मी उतारते. आता तू चढ."

एवढीच प्रार्थना. आमेनसुद्धा म्हणायचं राहिलं. चौथा थवा जोंधळ्यात उतरत होता, तेव्हा ती पाठ फिरवून बांधावरून तरातरा चालत होती.

मागं वळायचं नाही हे तिनं देवळापर्यंत पाळलं. देवळात मात्र ती नेमकी पूर्वेच्या खिडकीपाशी जाऊन बसली. तिथून माळ्याचं टोक दिसायचं. भिमाजी घंटा आटोपून आत आला आणि कुजबुजला, "राहे, कमरंला गोफन हाय तुझ्या."

"र्‍हाऊ द्या."

पाळकसाहेब सलाम घेत घेत पुढं निघाले होते. विजारीला सायकलची क्लिप तशीच, हातात शास्त्राचं पुस्तक. राहीबाईजवळ ते थबकले. "सलाम, राहीबाई. दाविदाचं हत्यार घेऊन आलात? गोफणीनं लोळवायचा तो राक्षस गल्याथ कुठंय?"

"वावरात जेवतोय, सायेब," राहीबाई म्हणाली. आसपासची माणसं फस्सकन हसली.

गाणं झालं, प्रार्थना झाली. मग पाळकसाहेबांनी वाचायला घेतलं आणि कुणाच्याही ध्यानीमनी नसताना वाचन पाखरांचं निघालं. प्रभू लोकांना सांगतो, चिंता करत बसू नका. त्या पाखरांकडे निरखून पाहा. ती पेरत नाहीत, कापत नाहीत, कोठारं भरत नाहीत. तरी तुमचा स्वर्गातला बाप त्यांना खाऊ घालतोच.

राहीबाईच्या खिडकीतून त्याच वेळी एक थवा माळ्यावरून सावकाश खाली उतरताना दिसला. ती उठून उभी राहिली. उठायचं तिनं ठरवलं नव्हतं.

"त्यो घालतो त्ये ठीक हाय, पाळकसायेब," ती म्हणाली, "पर माझ्यातलं घालतो!"

 भिमाजीनं डोळे मिटले. एक पोर हसलं आणि त्याला चापट बसली. पुष्पावती पहिल्या ओळीतून वळून आईकडं बघत राहिली.

पाळकसाहेबांनी शास्त्रात बोट घालून ते मिटलं. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर कुणीतरी चांगलं गणित घातल्यासारखा भाव आला. "हे मला शिकताना कुणी विचारलं नव्हतं," ते म्हणाले. "बरोबर आहे तुमचं. देव काही आभाळातून दाणे टाकत नाही. कुणाच्या तरी वावरातूनच देतो. पण मला सांगा, तुमच्या कणसात दूध कुणी भरलं?"

"त्ये... त्ये थंडी पडली की आपसूक भरतं."

"आपसूक?"

 तीस वर्षं ते आपसूकच भरत होतं. त्याची मात्र राहीबाईनं एक दिवसही काळजी केली नव्हती.

"लग्नात पंगत बसते," पाळकसाहेब म्हणाले, "तेव्हा वाढपी शेवटी जेवतो. उशिरा जेवतो, कधी कधी बुंदी संपलेली असते. पण उपाशी निजलेला वाढपी मी तरी बघितला नाही. तुम्ही बघितलाय?"

"न्हाई."

"तुम्हाला देवानं वाढपी केलंय, राहीबाई. आता या पुढं. आजीनं धरायचंय बाळाला."

हे ठरलेलं नव्हतं. आईनं धरायचं असा रिवाज. पण पुष्पावतीनं उठून करुणाला सरळ राहीबाईच्या हातांत दिलं. बाळ उबदार होतं आणि त्याला टोपरं टोचत होतं, म्हणून डोकं इकडंतिकडं करत होतं. राहीबाईनं ते सैल केलं. पाळकसाहेबांनी ओंजळीत पाणी घेतलं, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणत तीनदा करुणाच्या टाळूवर सोडलं. बाळ रडलं नाही. त्याला शिंक आली, मग दुसरी आली आणि ते स्वतःच दचकून आजीकडं बघायला लागलं. त्याच्या पापण्या ओल्या होऊन तीन तीन, चार चारच्या जुडीनं चिकटल्या होत्या. डाव्या भुवईत केसांचा एक उलटा भोवरा होता, अगदी पुष्पीच्या होता तसा. राहीबाई बघत राहिली. पूर्वेला खिडकी होती हे तिला शेवटचं गाणं संपल्यावर आठवलं.

बाहेर आली तर निंबाखाली छबूबाई, डोक्यावर पदर घेऊन.

"तू हितं?" राहीबाई ओरडली. "मग तुझ्या वावरात कोन हाय?"

"कुनी न्हाई. तू न्हाईस, तर एकलीला वरडाया लाज वाटाया लागली. म्हनलं, पुष्पीचं लेकरू तरी बघावं." ती करुणाच्या गालाला हात लावून कानशिलावर बोटं मोडत म्हणाली, "आन् तू आत बोलल्यालं समदं ऐकलं मी. तुमच्या देवळात बायांना बोलू देत्यात व्हय?"

"देत न्हाईत. बोलले."

पाळकसाहेब चहा पिऊन पुढच्या गावाला गेले. राहीबाई मात्र वावराकडं गेली नाही. तिनं लाडू वाटले, पाहुण्यांची नाती विचारली, जावयाला दुसऱ्यांदा वाढलं आणि स्वतः बसून जेवली. भिमाजी दोनदा येऊन बरं वाटतंय ना, असं विचारून गेला.

दुपारी दोघी मैत्रिणी वावरात गेल्या.  बाभळीच्या कोपऱ्यात, जिथं थवा नेहमी आधी उतरतो, तिथं राहीबाईनं एकेक कणीस हातात घेऊन बघितलं. पाच विसा कणसं बघितली. त्यांत एक वीस आणि वर सहा टोचलेली निघाली. काहींचे नुसते शेंडे गेले होते, काही निम्मी सोललेली. मग ती आत शिरली. मधल्या भागात विसात एखादंच.

"पायली दीड पायली गेली," ती म्हणाली.

छबूबाई आपल्या वावरातून बघून आली. "माझीबी तेवडीच."

"आन् आपन राखतो तवा किती जाते?"

छबूबाईला सांगता येईना. कुणालाच सांगता आलं नसतं, कारण तीस वर्षांत न राखलेली ही पहिलीच सकाळ होती. एका सकाळवरून नियम बांधता येत नाही, आणि राहीबाई तो बांधणारही नव्हती. दुसऱ्या दिवशी उजाडायला ती पुन्हा माळ्यावर असणार होती. पण जी सकाळ आली तर सगळं जाईल असं ती धरून चालली होती, ती सकाळ येऊन गेली होती. जोंधळा उभा होता, आणि ती पोटभर जेवलेली होती. ती बांधावर बसली. पदरात काही बांधायचं राहिलंय का, असं जणू चाचपून बघावं तशी काही वेळ बसून राहिली. मग डोळे मिटून हळूच म्हणाली, "उपकार, देवबापा." मागणं एकही नाही.

"चारला येतीलच परत मुडदे," छबूबाई उठत म्हणाली. "तू बी येशील ना टायमाला?"

"पुष्पीची येष्टी चारची हाय. तिला लावून देते, मग येते."

"भिमाजीभावजी जात्यात की लावाया."

"जात्यात. मीबी जाते."

चार वाजायच्या आधी सगळी फाट्यावर पोचली. भिमाजीच्या खांद्यावर पिशवी, जावयाच्या हातात ट्रंक, राहीबाईच्या कडेवर करुणा. चार वाजले, येष्टी आली नाही. सव्वाचारला मुळा नदीच्या अंगानं मोठा थवा आला, सगळ्यांच्या डोक्यावरून एका अंगावर वळला आणि वावरांकडं निघून गेला. पुष्पावतीनं आईकडं बघितलं.

"जा आई, तू. आम्ही बसतो नीट."

"गप गं," राहीबाई म्हणाली, आणि बाळाचं बोट धरून वर केलं. "त्या बग करुने, भोरड्या. कशा वळत्यात बग समद्या एकदम. कोन सांगतं गं त्यांना, आता वळा म्हनून?"

येष्टी पाऊण तास उशिरा आली. राहीबाई थांबली.