जमीन गोठण्याआधी

मित्रांनो, मी एक जुने गोणपाट आहे. फुशारकी मारावी असे माझ्या आयुष्यात थोडेफार आहे, पण आज सांगणार आहे ती गोष्ट शरमेची आहे.

बटाट्यांचे पोते होऊन मी अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या उत्तर टोकाला आले. बटाटे संपल्यावर सिग्नेबाईंनी माझी शिवण उसवली, मला धुऊन वाळवले आणि बागेच्या कामाला लावले.

तिथे हिवाळ्यात पारा उणे पस्तिसाखाली जातो. तेवढ्या थंडीत उभा गुलाब जगत नाही. म्हणून ऑक्टोबरात त्याच्या एका बाजूची मुळे मोकळी करतात, शेजारी चर खणतात आणि अख्खे झाड आडवे करून मातीखाली निजवतात. पुढे जमीन दगडासारखी गोठली, की वर वाळलेली पाने आणि पानांवर मी. गोठण्याआधी मात्र मला पसरायचे नसते. तोवर उंदीर हिवाळ्यासाठी जागा शोधत हिंडत असतात.

सिग्नेबाईंचा एकच गुलाब होता, पिवळा. त्यांची बहीण बोर्गहिल्ड वारली आणि तिचे शेत विकले गेले, तेव्हा तिच्या अंगणातून त्यांनी तो मुळांसकट खणून आणला होता. बहिणीचे म्हणावे असे दुसरे काही त्यांच्याकडे नव्हते. अकरा हिवाळे मी तो राखला. दर वसंतात मला झटकताना त्या माझे कौतुक करत आणि मी फुशारून जाई.

बाराव्या वर्षी सिग्नेबाई शिडीवरून पडल्या आणि कंबरेचे हाड मोडून इस्पितळात राहिल्या. झाड निजवायचे काम त्यांच्या नवऱ्यावर, अर्विडवर आले. चर त्याने नीट खणला, मातीही नीट ओढली. पण नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडत होता आणि दोस्तमंडळी शुक्रवारीच रानाकडे निघणार होती. अर्विडने टाच आपटून पाहिली. माती दबली. त्याने इकडेतिकडे पाहिले, घाईघाईने पाने टाकली आणि वर मला अंथरले. इस्पितळात सिग्नेबाईंना मात्र जमीन टणक झाल्याचे सांगितले.

त्याच आठवड्यात एक उंदरीण आली. तिने माझे धागे कुरतडून घरटे केले. वर बर्फ साचले आणि खाली मऊ मातीत बीळ करून ती हिवाळाभर गुलाबाची साल खात राहिली. मला ते कळत होते. मला बोलता येत नाही ही सबब खरी आहे. पण तिची ऊब मला हवीहवीशी वाटत होती, हेही तितकेच खरे आहे.

एप्रिलअखेर अर्विडने मला उचलले. झाड बुडापासून सोललेले होते. त्याने मला गुंडाळून जळणाच्या लाकडांमागे कोंबले. थोड्या वेळाने सिग्नेबाई काठी टेकत आल्या. त्यांना वाकता येत नव्हते. उभ्यानेच त्यांनी त्या वाळक्या फांद्या पाहिल्या.

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "या वयात शिडीवर चढायला कुणी सांगितलं होतं मला? मी घरी असते तर हे जगलं असतं."

अर्विडने जळणाची लाकडे इकडची तिकडे करण्यात अर्धा तास घालवला. मग त्याने मला ओढून आणले आणि त्यांच्या पुढ्यात उलगडले. घरटे, लेंड्या, सालीचा भुगा, सगळे उघड्यावर आले.

"तुझं काही चुकलं नाही, सिग्ने. जमीन गोठली नव्हती. मला शिकारीला जायचं होतं."

सिग्नेबाईंनी काठीच्या टोकाने ते घरटे उलटून पाहिले.

"हरीण तरी मिळालं का?"

"नाही."

"बरं झालं."

आठवडाभर त्या त्याच्याशी बोलल्या नाहीत. मला मात्र त्यांनी धुऊन काढले, भोक शिवले. माझा काय दोष, असे त्यांना वाटले असावे. ते मला फार लागले.

आता तिथे दुकानातून आणलेला तांबडा गुलाब आहे. तो बोर्गहिल्डचा नाही, हे दोघांनाही माहीत आहे. पुढच्या नोव्हेंबरात दोस्तांची गाडी दारात हॉर्न वाजवून निघून गेली. अर्विड घरीच राहिला आणि रोज सकाळी टाच आपटून पाहत होता. एकोणीस तारखेला माती खणखणली, तेव्हा कुठे त्याने मला अंथरले.

मित्रांनो, आम्हां गोणपाटांना वापरण्याआधी झटका आणि अंथरायची घाई करू नका. आणि तुमच्या हातून काही गेलेच, तर दुसऱ्याला स्वतःला बोल लावत उभे राहू देऊ नका. अर्विडला ते सांगायला अर्धा तास लागला. मला इतकी वर्षे लागली.