राखून ठेवलेल्या खोलीतला कोट

मित्रांनो, आता मी फार जुना झालो आहे. गडद निळ्या लोकरीचा, तीन बटणांचा, बायकांनी ऑफिसात घालायचा कोट. माझ्यासारखे कोट वेल्समधल्या आमच्या खोऱ्यात एके काळी शेकड्यांनी शिवले जात. माझी गोष्ट काही पराक्रमाची नाही. एका बाईला माझ्या जोरावर नोकरी टिकवायची होती आणि मी तिच्या नोकरीच्याच मुळावर उठलो. कसे, ते ऐका.

खोऱ्याच्या तोंडाशी कपड्यांचा कारखाना होता, तिथे माझा जन्म झाला. दोनशे बायका एका वेळी मशीन चालवत. रेडिओ लागला की सगळ्या गाऊ लागत. गाताना शिलाई वाकडी जात नाही, असे त्यांचे म्हणणे होते. माझ्या बाह्या ग्लेनिस नावाच्या तरुण मुलीने बसवल्या. बाही बसवणे हे कोटातले सगळ्यात अवघड काम. एक चुणी राहिली तरी मुकादमीण कोट परत फेकायची. तिने मला उजेडाकडे धरले, उलटसुलट पाहिले आणि काही न बोलता पुढे सरकवले. त्या कारखान्यात याहून मोठे कौतुक नसे.

बँकेतल्या मिस प्रॉबर्ट यांनी मला विकत घेतले. वीस वर्षे, सोमवार ते शुक्रवार, मी त्यांच्या अंगावर होतो. त्या रोज संध्याकाळी मला ब्रशने झटकत. पुढे बँकेची शाखा बंद झाली. मिस प्रॉबर्ट घरी बसल्या आणि मी डांबराच्या गोळ्यांसोबत कपाटात गेलो. कारखाना त्याआधीच बंद पडला होता. कपाटातल्या त्या दहा-बारा वर्षांत मला कोणी हातही लावला नाही. त्या वारल्यावर त्यांच्या भाच्याने मला काळ्या पिशवीत कोंबले आणि मुख्य रस्त्यावरच्या, जुने कपडे विकणाऱ्या धर्मादाय दुकानात नेऊन दिले. तिथे ओळखीच्या हातांनी मला पिशवीतून बाहेर काढले.

"अगं बाई, हा तर आपल्या घरचा!" पन्नाशी उलटलेली ग्लेनिस म्हणाली. ती आता या दुकानात मंगळवारी आणि शुक्रवारी फुकट काम करत होती. माझी बाही पाहून तिने मला ओळखले होते.

त्याच आठवड्यात नेरिस प्यू दुकानात आली. वय एकेचाळीस. सोळा वर्षे तिने मासे आणि चिप्स तळण्याच्या दुकानात काढली होती. मालक थकला, दुकान बंद झाले. आता भाड्याची घरे सांभाळणाऱ्या एका संस्थेच्या ऑफिसात तिला फोन घेण्याचे काम मिळाले होते. तीन महिने पारख, मग कायम.

"ग्लेनिस, मला सोमवारपर्यंत ऑफिसातली बाई करून दे," ती म्हणाली. "आणि पैसे किती आणलेत ते विचारू नकोस, रडू येईल."

"रडू नकोस, खारं पाणी लागलं की लोकर आटते. किती दिवसांचे कपडे हवेत?"

"पाच दिवसांचे."

"मग पाच जोड लागतात असं कोणी सांगितलं? एक कोट, दोन पँट, तीन ब्लाऊज. रंग असे घ्यायचे की डोळे मिटून कशावर काहीही चढवलं तरी जुळलं पाहिजे. निळा, करडा, पांढरा. फुलंबिलं नकोत. फुलांचा ब्लाऊज परवाच घातला होता हे सगळ्यांच्या लक्षात राहतं. पांढऱ्याचं कोणी लक्षात ठेवत नाही."

"आणि बूट?"

"बूट नवे घे. कोट जुना खपतो, फाटके बूट नाही खपत."

ग्लेनिसने मला नेरिसच्या अंगावर चढवले. नेरिस आरशात पाहत राहिली. "मी बँकेतली वाटते गं."

"वाटणारच. मिस प्रॉबर्टचा आहे."

नेरिसचा चेहरा पडला. "कोणी ओळखलं तर?"

"बटणं बदलून देते. बटणं बदलली की सख्खा भाऊ ओळखणार नाही."

तुम्हाला यात हसण्यासारखे वाटेल, पण आमच्या खोऱ्यात माणूस त्याच्या धंद्यावरून ओळखला जातो. दूधवाला जोन्स, कोळसेवाला इव्हान्स. नेरिस सोळा वर्षे चिप्सवाली नेरिस होती. पहिल्या सोमवारी बसथांब्यावर तिला कोणीतरी म्हणाले, "काय चिप्सवाली, कोर्टात तारीख आहे वाटतं?" ती सगळ्यांबरोबर हसली. पण तिने माझी कॉलर किती घट्ट धरली होती, ते मलाच कळले. तिला त्या नावातून बाहेर पडायचे होते. त्यासाठी तिच्याकडे मी एकटाच होतो. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला.

आता चूक कुठे झाली ते सांगतो. नेरिस आपल्या आईबरोबर राहत होती. आई म्हणजे मायर, चौऱ्याहत्तर वर्षांची, ताठ कण्याची. घर संस्थेचेच, आईच्या नावावर भाड्याने घेतलेले, रांगेतले शेवटचे. पहिल्याच संध्याकाळी नेरिस मला जिन्याखालच्या खुंटीवर अडकवायला निघाली, तर आईने मला तिच्या हातातून काढून घेतले.

"हा पुढच्या खोलीत राहील."

"आई, ती खोली पाद्रीबाबांसाठी आहे ना?"

"तुझ्या बाबांना शेवटचं तिथेच ठेवलं होतं. मानाची वस्तू मानाच्या खोलीत. स्वयंपाकघरात तळणाचा वास लागेल त्याला."

पुढची खोली म्हणजे घरातली सगळ्यात चांगली खोली. तिथे चांगल्या कपबश्या, चांगल्या खुर्च्या आणि बंद दार. वर्षातून चार वेळा कोणी आले तर आले. हीटर कधी लावायचा नाही, कारण तिथे कोणी बसत नाही. तिची बाजूची भिंत वाऱ्यापावसाला उघडी होती आणि वरची पन्हळ दोन हिवाळ्यांपूर्वी तुटलेली होती. त्या भिंतीवरच्या खिळ्याला मला टांगले.

नेरिसकडे ब्लाऊज तीनच. म्हणजे एक अंगावर, एक धुण्यात, एक वाळत. बाहेर पाऊस, मग ते स्वयंपाकघरातल्या हीटरवर वाळायचे. त्यांची वाफ घरभर फिरायची आणि सगळ्यात थंड भिंतीवर येऊन बसायची. त्या भिंतीवर मी होतो. ज्या मानाने मला तिथे नेले त्याच मानाने माझा घात केला.

आणखी एक गोष्ट फक्त मला ठाऊक होती. दर शनिवारी नेरिस बाजारात गेली की मायर व्हिनेगरचे फडके घेऊन त्या खोलीत यायची. भिंतीवरचे काळे डाग घासून पुसायची, चित्राची चौकट थोडी सरकवून उरलेला डाग झाकायची आणि दार लावून घ्यायची. तिने हे कोणाला सांगितले नव्हते. तिच्या घरात ओल आहे, हे गावाला कळण्यापेक्षा तिला मेलेले परवडले असते.

सहाव्या आठवड्यात माझ्या अस्तरात, डाव्या काखेखाली, पहिला काळा ठिपका उमटला. मग दुसरा उमटला. मला वास येऊ लागला. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी शोनेड खिडकी उघडू लागली. एका सकाळी नेरिसच्या टेबलावर कोणीतरी सुगंधी फवाऱ्याची बाटली ठेवून गेले. नाव नाही, चिठ्ठी नाही.

नेरिसला वाटले, हा चिप्सचाच वास. सोळा वर्षांचे तेल अंगात मुरले आहे. ती रोज पहाटे साबणाने हात आणि मान घासू लागली. कातडी लाल व्हायची. मित्रांनो, मला तोंड असते तर मी ओरडून सांगितले असते की बाई, तू स्वच्छ आहेस, वास माझा आहे! पण कोटाला तोंड नसते. मी तिच्या खांद्यावर गप्प बसून राहिलो आणि वास सोडत राहिलो. त्याची लाज मला आजही वाटते.

तिचे काम तरी काय होते? घरांच्या तक्रारी ऐकायच्या. ओलीची तक्रार आली की एक छापील कागद वाचून दाखवायचा. खिडक्या उघड्या ठेवा. कपडे घरात वाळवू नका. खोल्या उबदार ठेवा. एकदा पलीकडून एक म्हातारा म्हणाला, "पोरी, मग पावसात दोरीवर वाळवू का?" त्या दिवशी तिने डबा उघडलाच नाही.

पारखीच्या शेवटच्या आठवड्यात, मंगळवारी, तिचा वरिष्ठ आइवर बेनन याने तिला आत बोलावले. माणूस वाईट नव्हता. टेबलावरची पेन्सिल इकडून तिकडे ठेवत राहिला.

"नेरिस, काम तुमचं चांगलं आहे. पण वासाबद्दल तीन जणांनी सांगितलंय."

"ते तेल आहे, आइवर. जाईल. मी रोज घासते."

"तेलाचा नाही. तळघराचा येतो तसा आहे."

नेरिस थबकली. तिने मला अंगावरून काढले, नाकाशी धरले आणि अस्तर उलटे केले. काखेपासून पाठीपर्यंत काळी बुरशी पसरली होती.

"घरात कपडे वाळवता का?" आइवरने विचारले. आपण त्या छापील कागदातलेच बोलतो आहोत, हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

"तीन ब्लाऊज आहेत मला," नेरिस म्हणाली. "रोज धुवावे लागतात. आणि घर तुमचंच आहे."

त्याने संगणकात पाहिले. "या घराची ओलीची एकही तक्रार नाही. आमच्या कागदावर तुमची भिंत कोरडी आहे. आणि घर आईच्या नावावर असल्यामुळे तक्रार त्यांनीच करायला हवी." तो जरा थांबला. "शुक्रवारी दुपारी मला तुमचा शेरा लिहायचाय. वास घराचा, असं लिहायला माझ्याकडे काहीतरी हवं. नाहीतर मला 'स्वच्छतेचा अभाव' लिहावं लागेल. मग पुढे काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे."

घरी आल्यावर नेरिसने मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर उलटे पसरले. आईने एकदा पाहिले आणि चहाच्या किटलीकडे वळली.

"आई, तू फोन कर."

"आपण कधी कोणापुढे रडगाणं गायलं नाही. तुझे बाबा खाणीत होते तेव्हाही नाही. लोक काय म्हणतील, प्यूंच्या पुढच्या खोलीत बुरशी?"

"लोकांना वास आत्ताच येतोय. फक्त तो माझा आहे असं समजतायत ते."

आईने फोनला हात लावला नाही. बुधवार गेला, गुरुवार गेला. दुसरा कोट घ्यायला काही उरले नव्हते, म्हणून नेरिसने मला व्हिनेगरने पुसले आणि शुक्रवारी पुन्हा नेले. अंगावर घातले नाही, खुर्चीच्या पाठीवर ठेवले. थंडीने ती कुडकुडत होती.

अकराच्या सुमारास फोन वाजला.

"नमस्कार, नेरिस बोलतेय. आपलं नाव?"

"नाव तुला माहीत नाही होय गं? जन्म दिलाय तुला."

नेरिसने डोळे मिटले. "नियम आहे, आई. सांगावं लागतं."

"मायर प्यू." मग पत्ता सांगितला, जणू पहिल्यांदाच सांगत होती.

"काय तक्रार आहे?"

आइवर आपल्या खोलीच्या दारात येऊन उभा होता.

"पुढची खोली," मायर म्हणाली. "भिंत ओली आहे. दोन हिवाळे झाले. वरची पन्हळ तुटलीय. मी पुसत होते दर शनिवारी, पण ती परत येते." ती ठासून म्हणाली, "आणि हे पण लिही. माझी मुलगी स्वच्छ आहे. रोज पहाटे अंघोळ करून जाते."

"आई, त्याला इथे जागा नाही."

"मग वरच्या बाजूला लिही."

नेरिसने लिहिले. मग माझी बाही ओढून तिने तोंडावर धरली. मी तिच्या कामाला आलो तो शेवटचा.

नोकरी टिकली. पाच आठवड्यांनी पन्हळही दुरुस्त झाली. मी मात्र टिकलो नाही. ग्लेनिसने माझे अस्तर उसवले, तेव्हा बुरशी खांद्यातल्या कापसापर्यंत गेलेली होती. आपण बसवलेल्या बाह्या तिने स्वतःच सोडवल्या आणि त्या वेळी ती गात नव्हती. आता मी तिच्या चिंध्यांच्या पिशवीत आहे. ऐकले आहे की मायर हल्ली पुढच्या खोलीत हीटर लावून रोजचा चहा तिथेच घेते.

मित्रांनो, जी वस्तू जपायची ती कोंडून ठेवू नका. तिला वारा द्या, ऊब द्या, वापरा. आणि तुमच्या शेजारी बसणाऱ्या कोणाच्या कपड्यांना वास आला, तर खिडकी उघडण्याआधी, बाटली ठेवण्याआधी, त्याला हळूच एवढेच विचारा की तुझ्या घराची भिंत कोरडी आहे ना रे?