न सरणारे हातमोजे

मनिषा सिस्टर मुळातच संशयी. चहात साखर कमी लागली तरी आधी कोणी खाल्ली ते बघणाऱ्या. त्यामुळे हातमोज्यांचं एकुलतं एक खोकं आठ दिवस वापरूनही भरलेलंच दिसलं, तेव्हा त्यांच्या मनात पाल चुकचुकली.

एरवी त्यांनी सोडूनही दिलं असतं. पण पाच दिवसांपूर्वी शेळ्यांचा व्यापारी दत्तराव तापाने फणफणत, हिरड्यांतून रक्त गळत त्यांच्या आरोग्य केंद्रात आला होता. त्याला परभणीला पाठवलं, आणि आज सकाळी फोन आला. गोचिडांपासून होणारा काँगो ताप निघाला होता. रोग्याच्या रक्तातूनही तो लागतो, माणूस दगावतो. हात लागलेल्या सगळ्यांची नावं कळवा, चौदा दिवस रोज ताप मोजा, असा निरोप होता.

हात लागला होता दोघांचा. सिस्टरांनी सलाईन लावली होती आणि मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसर बजरंगने रक्त पुसलं होतं. दोघांनीही मोजे घातले होते. निदान बजरंग तसं म्हणत होता.

"खरं सांग बजरंग. सगळे मोजे घालतात, तर खोकं सरत कसं नाही?"

"आईशपथ घातले व्हते, सिस्टर. दोनदा बदलले. माझ्यावरच काऊन डोळा ठेवायलाव?"

सिस्टरांना हे पटलं नाही. बजरंग तोंडाचा गोड आणि कामाला अंगचोर. आज ना उद्या हा तापाने पडणार, अशी धास्ती त्यांनी घेतली आणि खोकं टेबलावर उपडं केलं. काही मोजे कोरे वाटत होते. बाकीच्यांना घडी होती, पावडरचा वास होता, आणि एकाच्या बोटावर पुसट तपकिरी डाग होता.

सिस्टर तडक मागच्या नळावर गेल्या. झाडलोट करणारी सुलाबाई बादलीत हात घालून बसली होती. दोरीवर चादरींच्या आडोशाला मोजे वाळत होते.

"मावशी, हे काय चाललंय?"

"मोजे धुवायले की. बजरंग कचऱ्यात टाकतो, लय नासाडी. मी काढून घेते, धुते, पावडर लावते आन् परत भरून ठेवते. कोनाला पत्ताबी न्हाई."

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमीच. मागल्या म्हैन्यात तुमी बजरंगला तापाच्या रोग्याचं शिकवत व्हत्या, तवा मी चहा घिऊन आले व्हते. तुमी म्हणत व्हत्या, हातमोजे जपून वापरा."

सिस्टरांना म्हणायचं होतं, जिवाला जपून. पण जिथे टाकीटाकीवर 'पाणी जपून वापरा' लिहिलेलं, तिथे जपून म्हणजे सरू न देता, दुसरं काय? पुढचं ऐकायला सुलाबाई थांबलीही असती. तिला सिस्टरांनीच कप ठेवून बाहेर जायला सांगितलं होतं, झाडणारीला काय करायचंय म्हणून. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"दत्तरावाच्या वेळचे मोजेही धुतले?"

"ते तर लगीच. रक्तानं बरबटले व्हते."

"हातात काय घालून?"

सुलाबाईने ओले हात पुढे केले. साबणाने उललेली बोटं, अंगठ्याला चीर. "मोजे धुवायला मोजे घालतेत का, सिस्टर?"

"अंगात ताप वगैरे?"

"कालपसून जरा कसर हाय. हुईल कमी."

सिस्टरांचा हात तिच्या कपाळाकडे गेला आणि मधेच थांबला. आधी मोजे घालायला हवे होते, आणि खात्रीने कोरा म्हणावा असा एकही मोजा आता केंद्रात नव्हता. सुलाबाई त्या थांबलेल्या हाताकडे बघत राहिली.